मधली धार

मी एलुनेड. वय एकाहत्तर. ओठाला कधी थेंब नाही.
आमच्या पोर्थ गारानच्या चॅपलात लहानपणीच सही घेत:
दारू शिवणार नाही, घरात येऊ देणार नाही.
पाच वर्षांची होते, सही वाकडी आली,
पण पाळली.

आणि माझा गेथिन
मासळीच्या जुन्या शेडमध्ये तांब्याची भट्टी मांडून बसलाय.
जुनिपरची फळं, धणे, लिंबाची साल,
शिवाय ओहोटीला खडकावरून मी खुडलेलं शेवाळ.
(खुडण्याबद्दल सहीत काही नव्हतं.)

ही साधी जिन नव्हे, म्हणतो. सत्तावन्न टक्के.
पूर्वी जहाजावर परीक्षा घेत:
दारूवर दारू ओतायची, काडी लावायची.
बंदुकीची ती भिजूनही भडकली, तर पिंपातली खरी.
नुसती फुसफुसली, तर दुकानदाराची खैर नाही.

दर बाटलीमागे चार पौंड लाइफबोटीला.
चार पौंडांत काय येतं रे? मी विचारलं.
हातमोज्याचा अंगठा, म्हणाला,
आणि लेबलं चिकटवत राहिला.

गंमत अशी, की करणाऱ्यालाच पिता येत नाही.
कमरेचा पेजर कधी ओरडेल, नेम नाही.
सुकाणूवर गेथिन, इंजिनाशी शाळेतली नेरिस,
दोरावर खाटीक एम्रिस, ज्याला पोहता येतं जेमतेम.
गावात सात माणसं बारा महिने शुद्धीत,
त्यांच्या नावाने बाकीच्यांचे पेले.

त्या मंगळवारी वारा नैऋत्येचा,
शेडचा पत्रा बडवत होता.
भट्टी नुकतीच गळायला लागलेली.
लोक वाखाणतात पहिल्या धारेची;
गेथिन ती मोरीत ओततो. डोळे घेते म्हणे.
शेवटच्या धारेला ओल्या कुत्र्याचा वास.
ठेवायची ती मधली. तिला ते लोक काळीज म्हणतात.

तेवढ्यात पेजर.

"आई, हे तुझ्यावर. तळहातावर घे, चोळ, हुंग.
जुनिपर विझला की नळी दुसऱ्या भांड्यात."
आणि गेलाच. दार उघडं, दिवा हेलकावतोय.
धक्क्यावरून साखळीचा खडखडाट,
मग इंजिन,
मग फक्त पत्रा.

मी थेंब घेत होते, चोळत होते, हुंगत होते.
धणे. लिंबू. पुन्हा धणे.
आणि मला इड्वल आठवला, माझा नवरा, चॅपलचा डीकन.
त्याची होडी उलटली त्या फेब्रुवारीत
याच बोटीच्या माणसांनी केसांना धरून वर ओढला,
दातांत चमचा अडकवून काहीतरी पाजलं.
घरी आल्यावर मला म्हणाला: औषध दिलं त्यांनी.
पुढे एकतीस वर्षं दर रविवारी दारूवर बरसला,
त्या औषधाबद्दल चकार शब्द नाही.
मीही विचारलं नाही. त्या रात्री त्याच्या श्वासाला
येत होता तो वास मला पाठ होता.

खिडकीबाहेर पांढरा दिवा उगवे, बुडे, उगवे.
एकदा बुडाला तो बराच वेळ आला नाही.
तेवढ्यात माझं नाक चुकलं असणार.

उजाडता आले. शिडाच्या होडीत तिघं होते.
आणले दोघं.
एम्रिस धक्क्यावर बसूनच राहिला,
नेरिस म्हणाली, आठला शाळा आहे, आणि गेली.
गेथिन शेडमध्ये आला, भांड्यावर वाकला.
"चार मिनिटं उशीर केलास. शेपूट शिरलंय."
ओत मग, मी म्हटलं.
ओतलं नाही. झाकण घट्ट लावलं,
खडूने तारीख घातली, खाली आणखी काही लिहायला गेला
आणि खडू खिशात टाकला.

माझ्या तळहाताला अजून धण्यांचा वास होता.
त्याच हाताने मी त्याचं तोंड पुसलं.
बहुतेक मीठच होतं.