अकरा फूट

क्लबाच्या समितीनं ठराव केलाय :
सातव्या होलची टेकडी अकरा फुटांनी उतरवा.
खालून झेंडा दिसत नाही,
पाहुणे कुरकुरतात.

म्हणून मी, मार्चच्या उन्हात,
तिपाई, लेव्हल आणि रंग उडालेली पट्टी घेऊन.
उत्तरेला देवगिरी, तव्यावर उपडी घातलेली वाटी.
हिरवळ इथं नाहीच.
ग्रीन म्हणायचं ते तपकिरी गोल,
वाळूत जळकं तेल कालवून चोपलेलं,
चेंडू गेला की मागं रेघ राहते,
ती पुसायला एक फळकूट, दोरी बांधलेलं.

वर लिंबाजी साळवे.
एकतीस वर्षं त्याच खडकावर,
एका हातात लाल फडकं,
दुसऱ्यात बंद पडलेल्या शाळेची घंटा.
चेंडू गोलात पडला की हात सरळ वर.
नेपतीत घुसला तर डावा आडवा.
पल्याड ओढ्यात गेला
तर फडकं डोक्याला गुंडाळून तो खाली बसतो.
मग खालच्यानं समजायचं काय ते.

खालच्याला दिसतो एकच,
चुन्यानं रंगवलेला धोंडा.
धोंड्यावर नेम धरायचा आणि मारायचं.
चढावर अंतर खोटं बोलतं :
दिसतं एकशे चाळीस, मारावं लागतं साठचं.
चेंडूला खाली यायला सवड मिळत नाही,
जमीनच वर येऊन त्याला गाठते
आणि तो घरंगळत राहतो,
कुठवर,
ते लिंबाजीला ठाऊक.

‘टेकडी काढायलात व्हय, साहेब?’
मी म्हणालो, मापं घ्यायला आलोय फक्त.
‘मापंच घेत्यात आधी.’

मग पट्टी धरून उभ्या उभ्या त्यानं
विमा कंपनीच्या टाकळकरांचं सांगितलं.
त्यांनी मारलेला एक चेंडू
मुरमावर दोनदा उडाला, गोलात आला,
रेघ ओढत ओढत
थेट भोकात.
लिंबाजीनं दोन्ही हात वर केले, उड्या मारल्या, घंटा बडवली.
खालचे हसले,
गांधीलमाश्या उठल्या म्हणाले.
टाकळकर धापा टाकत वर आले,
सगळी नेपती हुडकली, काटे लागले,
याचं बोट भोकाकडं ते भोकाकडंच.
शेवटी त्यांनी वाकून चेंडू काढला, विजारीला पुसला,
बक्षिसासाठी तूच टाकलास, म्हणाले,
आणि वहीत पाच लिहिले.

‘रेघ होती ना हो वाळूत.
पन त्येच चालत आले रेघंवरनं.’

बारानंतर झळा उठल्या.
लेव्हलच्या भिंगात आकडे वितळायला लागले.
बॅकसाइटचा रकाना भरला,
फोरसाइटच्या रकान्यावर घामाचा थेंब पडून शाई पसरली.
लिंबाजीनं फडक्यानं किल्ला दाखवला.
‘तितली अंधारी बघितलीव का?
चढनाऱ्याला म्होरचं काय बी दिसंना.
वरून कढत तेल वतायचे म्हनं.
आपल्या हितं तेल हाय,
पन थंड.’
आणि स्वतःच्याच बोलण्यावर बराच वेळ हसला.

जाताना म्हणाला, एक मारून बघा की.
मी आयुष्यात काठी धरलेली नाही.
दोन वेळा माती उडाली.
तिसऱ्यांदा हाताला काहीच लागलं नाही,
एवढं हलकं, की चुकलंच वाटलं,
आणि चेंडू जागेवर नव्हता.

वर बघितलं.
धोंडा. धोंड्यावर एक टिटवी.
लिंबाजी ना हात वर करतो,
ना डावा, ना बसतो.
मागं वळून काहीतरी बघतोय,
कंबरेवर हात.
मग घंटा झाली, एकदाच.
एका टोल्याचा अर्थ
मला कुणी सांगितला नव्हता.

तिपाई तिथंच ठेवली
आणि चढायला लागलो.