एकशे त्रेचाळिसावी फेरी

पुतण्या म्हणतो, काकू, खरा जमाना तुमचा.
तेव्हा माणसं सच्ची होती, गाड्या सच्च्या होत्या.
टेरेल त्याचं नाव. जन्म एकोणसत्तरचा,
म्हणजे सॉरेल क्रीकच्या ट्रॅकवर पाइनची रोपं
कमरेइतकी झाली होती तेव्हा.
मी काही बोलत नाही. शेंगा सोलत बसते.

खरं सांगायचं तर धूळ होती.
कॅरोलायनाची तांबडी माती
केसांच्या मुळाशी जाऊन बसायची,
सोमवारी गिरणीत चात्यांवर वाकले
की गळायची सुतावर
आणि मुकादम ओरडायचा.

गाडी एकच. हॉइटची, चाळीस सालची फोर्ड.
आठवडाभर डोंगरातून हातभट्टीची दारू खाली आणायची,
शनिवारी रात्री शर्यतीत धावायची,
रविवारी तिच्यातूनच आम्ही चर्चला जायचो.
दारावर एकसष्ट, पांढऱ्या बूटपॉलिशने लिहिलेला,
दार उघडू नये म्हणून
सासऱ्यांच्या कंबरपट्ट्याने आवळलेलं.
मी खिडकीतून आत शिरायची, हॅटसकट.
पाद्रीबाबा बघून न बघितल्यासारखं करायचे;
त्यांचीही एक बरणी असायचीच मागच्या सीटखाली.

मी फेऱ्या मोजायची.
प्रत्येक गाडीमागे एक बाई: बायको, बहीण, कुणाची मेव्हणी,
फळ्यांच्या माचीवर ओळीने, मांडीवर वही.
गाडी समोरून गेली की एक रेघ.
चार उभ्या, पाचवी आडवी.
धुळीत आकडे दिसायचे नाहीत, मग कानाने मोजायचो.
एकसष्टचं इंजिन वळणातून बाहेर पडताना खाकरायचं,
घरात शिरण्याआधी म्हातारे खाकरतात तसं.
डिविट स्ट्राउडची गाडी शीळ घालायची.

छप्पन साल, ऑगस्ट. दोनशे फेऱ्या.
एकशे बेचाळीस झाल्या आणि पोटात
बाळ पहिल्यांदा हललं.
किती वेळ गेला? एक श्वास? दोन?
पेन्सिल हवेत, खाली धूळ, धुळीत गडगडाट,
आणि मी
रेघ ओढली.
बघून नाही. ऐकून नाही.
गेला असेलच, असं वाटून.
किंवा, नसला गेला तरी.

हॉइट जिंकला. डिविट दुसरा, अर्ध्या फेरीने मागे.
अडीचशे डॉलर आले, त्याचा फ्रिज घेतला,
तो अजून गॅरेजमध्ये घुमतोय.
डिविट आला, टोपी काढून म्हणाला,
वर्लीन, तुझ्या गणितापुढे आपलं काही चालत नाही बाई.
चेष्टा होती की काय, जवळजवळ सत्तर वर्षं
ते वाक्य मी उलटंसुलटं करून बघतेय.
पुढच्या उन्हाळ्यात तो गाडी विकून
नॉरफोकला गोदीत कामाला गेला.
हॉइटला मी सांगितलं नाही.
त्यानेही विचारलं नाही, शेवटपर्यंत,
आणि फेऱ्या तर तोही मनात मोजायचा.

मागच्या मे महिन्यात टेरेलने मोठ्या स्टेडियमात नेलं.
कानात बोळे. प्रत्येक गाडीच्या पोटात चिप,
सेकंदाचा हजारावा भाग पडद्यावर उमटतो,
कुणाचं पोर हललं तरी कुणाचं गणित चुकत नाही.
चाळीस गाड्या, सगळ्यांचा गळा एकच.
बोळे काढून पाहिले. डोळे मिटून पाहिले.
एकही खाकरली नाही.
माझं बोट मात्र गुडघ्यावर चाललं होतं,
चार उभ्या, एक आडवी,
कुणाच्या नावे, कुणास ठाऊक.

वही आहे अजून, लोणच्यांच्या कृतींच्या कागदांखाली.
टेरेलला हवी आहे, काचेत लावतो म्हणतो,
असा प्रामाणिकपणा आता कुठे बघायला मिळतो, काकू.
देते म्हटलं. दिली नाही.
एकशे त्रेचाळिसावी रेघ बाकीच्यांहून जरा जाड आहे.
बघणाऱ्याला वाटेल,
टोक मोडलं असेल पेन्सिलीचं.