एक वीत

देवगड बंदरावर, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात
माझा स्टुडिओ आहे. म्हणजे एक खोली आहे.
भिंतीत बुचाचा हातभर जाड थर,
थंडी आत राहावी म्हणून कुणीतरी बसवलेला;
आता तो होड्यांची इंजिनं बाहेर ठेवतो,
निदान भरती लागेपर्यंत.

शेवंती कुबल आल्या त्या सकाळी पंखा बंद केला,
फ्रिजची पिन काढली,
बांगड्या उतरवायला सांगितल्या.
उजव्या हातातल्या निघाल्या. डाव्यातल्या निघेनात.
त्यांच्यावर मी सेलोटेप गुंडाळला.

तीन माईक शेजारी शेजारी, एकाच उंचीवर.
पहिला कंडेन्सर, तांदळाच्या डब्यातून नुकताच काढलेला,
कारण इथल्या हवेत तो फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडतो.
दुसरा डायनॅमिक,
दशावताराच्या दहा हंगामांत पडून पडून जाळी चेपलेला.
तिसरा रिबन, उसना.
त्याच्यावर फुंकर मारायची नाही, हे तीनदा सांगितलं.

"तोंड आणि माईक यांत एक वीत," मी म्हणालो.
"कोणाची?"
खरंच, कोणाची?
माझ्या पुस्तकात ते लिहिलेलं नाही.

भाचीच्या हळदीची ओवी.
'भ' आला की कंडेन्सर दचकायचा,
'स' आला की कापायचा.
जवळ सरकल्या की डायनॅमिकमध्ये आवाज
पिकल्या फणसासारखा जड.
मी चटई टांगली, जुनं जाळं टांगलं,
माईकच्या छातीवर पेन्सिल उभी बांधली,
म्हणजे वारा दुभंगतो, असं म्हणतात.

मग ऐकवलं.
पहिल्यात जिभेचा ओलावा, कवळीची टिचकी,
आणि जेटीवर कोण शिंकलं तेही.
"ह्यो माजो नाय. ह्यो माज्या भयणीचो."
बहीण कुठे असते, मी विचारलं.
"ती खंय आता."
दुसऱ्यात फक्त बाई, पण दाराआडची.
"ह्यो माजो. सर्दी झाल्लो."
तिसऱ्याला काहीच बोलल्या नाहीत.
पुन्हा लावायला सांगितलं.

माझ्या फार उशिरा लक्षात आलं:
वरचा सूर येतो तेव्हा त्या अर्धं पाऊल मागे जातात,
'फ' येतो तेव्हा हनुवटी जराशी डावीकडे.
कुणी शिकवलं?
"तीस वर्सां लिलाव पुकारतंय.
वाऱ्याच्या तोंडार बोललंय तर शब्द परत घशात येता.
वाऱ्याच्या कुशीक बोलूचा."

मी गुपचूप पेन्सिल सोडवली.

रिबनला पुढे कान असतो तसा मागेही.
रात्री एकटाच ऐकत बसलो.
ओवी संपते, बाई थांबतात,
आणि त्या मागच्या कानातून भिंत येते,
बर्फ विसरायला अजून तयार नसलेली.
त्यातच कुठेतरी बारीक चर्र:
डाव्या हातावरचा सेलोटेप सुटतोय.

काढता आला असता. दोन मिनिटांचं काम.