कुशीवर

नांदेडच्या जेलात डॉक्टर येतो मंगळवारी.
सायलूला आणलं शुक्रवारी, कुंडलवाडीहून.
दोन दिवस शिंदी नव्हती पोटात.
शिंदी म्हणजे ती पावडरीची, झाडाची नव्हे.
झडतीत निघाली फक्त तंबाखूची पुडी.

रात्री तो भिंतीवर चढू लागला.
कमरेला दोर नाही,
तरी टाचा घट्ट, हात वर,
मडक्यापाशी पोचल्यासारखा थांबायचा
आणि तेलुगूत कुणाला तरी म्हणायचा, खाली धर.
मी हात धरले खाली.
दुसरं काय करणार.

"नाटकं," हवालदार म्हणाला.
मग फिट आली, मग काहीच म्हणाला नाही.

खुनाच्या खटल्यातला मी. सात वर्षं नुसत्या तारखा.
कंपाउंडर आवट्यांकडून एवढंच शिकलो :
दातांत चमचा घालायचा नाही,
कुशीवर वळवायचं, डोक्याखाली चादर,
वेळ मोजायची.
मोजली. एकशे नव्वदपर्यंत.
बराकीतली चाळीस माणसं मोजत होती माझ्यासंगं,
शेवटी शेवटी मोठ्यानं.

रविवारची सुट्टी टाकून आवटे आले गोळ्या घेऊन.
सहाव्या दिवशी सायलूनं भाकरी मागितली
आणि माझ्याकडं बघून लाजला गडी.

जामीन झाला.
फाटकाबाहेर रस्ता,
रस्त्याच्या कडेला काय असतं सगळ्यांना माहीत.
चिठ्ठी घेतली का गा, मी ओरडलो, गोळ्यांची चिठ्ठी?
त्यानं खिशातून कागद काढून हलवला.
लांबून
सगळे कागद सारखेच दिसतात.