बोली

आग्नेलोच्या दोन खोल्या, दिवाडी बेटावर.
जाहिरात मी चालवते, पणजीहून,
दिवसाला दोनशे रुपयांत.

आपण म्हणतो दिवाडी, शोधणारे लिहितात दिवार.
शब्द मोकळे सोडले, तर भिंतीला रंग शोधणारे आले,
ओल कशी घालवावी विचारणारे,
कानपूरचा एकजण खिळा ठोकायला.
दर क्लिकला अकरा रुपये.
आग्नेलो म्हणाला, फेरीबोट बरी,
चालत्या माणसाला फुकट नेते.

मग शब्द चौकटी कंसात घातले, नेमके.
रंग, ओल, खिळा नकोच्या यादीत.
बोली चौदा, मग सतरा.
मालीमच्या धक्क्यावर मावशी विसवणाला बोली लावायची
ती समोरच्याचा चेहरा बघून.
इथे चेहरा नाही.
कुणावर तरी वरचढ ठरलो, एवढंच कळतं.

काल जुने शोध चाळताना एक सापडला,
मोकळ्या दिवसांतला, रात्री पावणेतीनचा:
दिवाडी खोली पिएदादची घंटा ऐकू येईल अशी
दिवाडी. दिवार नव्हे.
क्लिक एक, बुकिंग नाही.
कंसात हा माणूस मावला नसता.

'खोली' आज पुन्हा सैल केलाय.
बोली चार रुपये.
आग्नेलोला सांगितलेलं नाही.