घर क्रमांक नऊ

न्सान्जेच्या पुढे रस्ता मातीत विरतो, तिथे मोटारसायकल ठेवली
आणि पिशवीतून टॅब्लेट काढला. बॅटरी एकसष्ट टक्के.
फेब्रुवारी. मका छातीएवढा, हिरवागार,
कणसात अजून दूधसुद्धा भरलेलं नाही.

एनिफा चाझा. वय अडतीस म्हणाली,
मग म्हणाली, तेहेतीस लिही, तुला बरं पडेल ते.

प्रश्न माझे नाहीत. ते राजधानीतून येतात,
त्याच्याही आधी कुठल्याशा समुद्रापलीकडून.
काळजीपासून सुरू होतात
आणि अख्खा दिवस उपाशी, इथवर उतरतात.
मध्ये पायऱ्या.
कोण कितव्या पायरीवर आहे तेवढं मी बघायचं.
हात द्यायचा नाही.

'गेल्या बारा महिन्यांत, पैसे किंवा इतर साधनं नसल्यामुळे,
अन्न पुरणार नाही अशी काळजी तुम्हाला कधी वाटली का?'
शेजारीण कुंपणाला टेकून उभी होती.
एनिफा म्हणाली, छे, नाही.
शेजारीण गेली.
'हं. आता पुन्हा विचार.'

शितावरून भाताची परीक्षा, तसं हे काम :
एक घर दोन बोटांत चेपून बघायचं
आणि देश शिजला की कच्चा, ते सांगायचं.
चूल पेटली होती का,
हा प्रश्न आठांत नाही.

'अख्खा दिवस काहीही न खाता काढलात, असं झालं?'
'झालं. आठ दिवस.'
'आठ दिवस काहीच नाही?'
'आंबे होते, कच्चे. नदीतलं न्यिका होतं.'
'मग खाल्लंत ना?'
तिने माझ्याकडे पाहिलं,
चपला उलट्या घातलेल्या पोराकडे पाहतात तसं.
'न्सिमा नव्हती. न्सिमा नाही तर जेवण कसलं?
कुणाच्या घरचा रे तू?'
मी ब्लांटायरचा. पण आई माझीही हेच म्हणते.

न्यिका म्हणजे पाण्यातले कंद. बायका शिरेत कंबरभर उतरतात,
एक जण काठावर उभी राहते, मगरीवर नजर ठेवून.
तिलाही वाटा मिळतो, नुसतं बघण्याचा.
प्रशिक्षणात सांगितलं होतं, कंद हेही अन्नच.
टॅब्लेटवर दोन चौकोन, हो आणि नाही.
माझं बोट बराच वेळ दोघांच्या मध्ये होतं.
काय दाबलं ते इथे सांगत नाही.

निघताना, बोलायला काहीतरी हवं म्हणून,
मी तिला सांगितलं की हिशेबात
तुझं घर म्हणजे अकराशे चाळीस घरं.
ती उठली, दारातून बाहेर डोकावून आली.
'एवढ्या जणी आल्या तर बसवू कुठे?'
मग जरा थांबून, 'त्यांच्यातल्या कुणाकडे मीठ आहे का, विचार ना.'

आणि दोन आंबे आणले.
बोमाचा माणूस असो नाहीतर आणखी कुणी,
दारातून कोरड्या तोंडाने जात नाही कुणी.
नियम असा, की उत्तर देणाऱ्याच्या घरचं काही घ्यायचं नाही.
घेतले. एक तिच्यासमोरच खाल्ला,
इतका आंबट की डोळ्यांत पाणी आलं. ती हसली.
पाचवा प्रश्न होता, हवं त्यापेक्षा कमी खाल्लं का.
त्याचं उत्तर मी आत्ताच, कोयीपर्यंत, बदलत होतो.

टेकडीवर गेल्यावरच नेटवर्क मिळतं.
वर चढताना मागे वळलो तेव्हा
तिची झिओने, सहा-सात वर्षांची, हातात अर्धी वीट घेऊन
शेळीपुढे उकिडवी बसली होती.
'गेल्या बारा महिन्यांत…'
शेळीने मान फिरवली.
झिओने थांबली, अगदी मी थांबतो तेवढंच,
विटेवर बोट टेकवलं
आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.