परतीची तारीख

आधी कोरडा ब्रश. ओलं फडकं चुकूनही नाही.
पाठीच्या शिवणीत बसलेली करडी बुरशी
मास्क लावून झाडायची, गच्चीवर, सकाळी सहालाच.
आठनंतर सालमियातलं ऊन
वासाबरोबर शाईही घेऊन जातं.

मग झाकणाचा मोठा डबा. तळाशी
जमइयातून आणलेली मांजराची वाळू,
बशीत खायचा सोडा, वर जाळी,
जाळीवर पुस्तकं उभी, पानं फुलवून.
झाकण लावायचं आणि दहा दिवस विसरायचं.
(तिसऱ्या दिवशी धुळीचं वादळ आलं. विसरता आलं नाही.)

लुलवा म्हणाली, बखूर दाखव, एका रात्रीत जाईल.
म्हटलं, नको गं,
ह्यांनी धूर पुष्कळ खाल्लाय.

तळघरात चार खोकी होती, मंडळाचा शिक्का असलेली.
रिकाम्या फ्लॅटांतून अबू रमदाननं गोळा केलेली.
"ही लिपी वाचता येईना, आणि फेकवेना."
उंदीर, ओल, डांबरगोळ्या,
आणि नाक अगदी शिवणीत खुपसलं
तर खाली कुठेतरी
जळत्या तेलविहिरींचा चिकट काळा वास.

क्रमांक २१८. मुखपृष्ठ नाही, नाव नाही.
आतल्या चिठ्ठीवर सौ. मंदाकिनी खांबेटे,
परतीची तारीख ९ ऑगस्ट १९९०, गुरुवार.
२ ऑगस्टलाही गुरुवारच होता.

पान ११२ दुमडलेलं. तिथे पेन्सिलीची यादी:
मेणबत्त्या
दूध पावडर
दोघांचे पासपोर्ट
बसवाल्याला विचारणे, वाटेत पाणी मिळते का
तुळशीची कुंडी चारूकडे

ही शेवटची ओळ खोडलेली.
चारूही निघाली असणार.

उशीर झाल्यास आठवड्याला पन्नास फिल्स दंड,
असं मागच्या पुठ्ठ्यावर छापलंय.
मी हिशेब करायला घेतला होता, खरंच,
कॅल्क्युलेटर काढून. तेवढ्यात चहा उतू गेला.

दहाव्या दिवशी डबा उघडला.
शिवण नेमकी ११२ वर उसवलेली.
मागचा अर्धा भाग हातात आला,
कोरडा, नुसत्या कागदाच्या वासाचा.
पुढचा अजून कुबट. त्याला आणखी दहा दिवस.

म्हणून आज रात्री ११३ पासून वाचतेय.
कुणी यमू आहे. दारात उभी आहे.
कुणावर तरी भयंकर चिडलीय.
का, ते मंदाकिनीबाईंना माहीत.